तिसऱ्या वाफ्याचं पाणी

१२ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पॉलिहाऊसला लागूनच्या खोलीत बस्तान बसलं. खाट, स्टोव्ह आणि खिडकीतून दिसणारे स्ट्रॉबेरीचे तीन वाफे, एवढाच माझा संसार. पहिल्या वाफ्याला पोटभर पाणी, दुसऱ्याला निम्मं, तिसऱ्याला जेमतेम पाव. तिसऱ्याची पानं लहान राहिलीत, फळं मोजकी आणि बोराएवढी. पण गोडी अशी की दुसरं काही खाऊच नये. चाखायचं काम माझंच. कमी पाण्यातली ही गोडी हंगामभर टिकली, तर साहेब मला कायम करणार आहेत. मग पुन्हा तुझ्या दारात वळकटी घेऊन उभी राहणार नाही.

एक गंमत सांगते. तिसऱ्याची तोटी बंद असतानाही मातीतला ओलावा मोजणारा काटा मधेच चढतो. नळी तपासली, कुठे गळत नाही. मी चहा प्यायले की चढतो, असं माझं निरीक्षण आहे. हसू नकोस.

भावोजींना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.
तुझी,
धाकटी


२१ डिसेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालीस म्हणून जरा जास्तच हसले. ह्यांना वाचून दाखवलं, तर म्हणाले, काट्याला चहाची तल्लफ येत असेल, एक कप जास्त टाकत जा म्हणावं. लहानपणी बाहुलीला ताप आला म्हणून तू स्वतः लंघन केलं होतंस. ती खोड काही गेली नाही. यंत्र बिघडलं असेल, बदलून घे. इथे शिवणाचं काम इतकं साठलंय की मशीनवरून उठायला फुरसत नाही, नाहीतर बघायला आलेच असते.

उत्तराला उशीर केलास तर कान पिळायला येईन.
तुझी,
ताई


१० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

यंत्र बदललं. नवंही तेच सांगतं. मी दोन पेले पाणी प्यायले की तिसरा वाफा ओला होतो, पानं ताठ होतात आणि दुसऱ्या दिवशी फळाला गोडी नसते. माझी तहान मात्र तशीच राहते. साहेबांनी विचारलं, चोरून पाणी घालतेस का. मी नाही म्हटलं, आणि खोटं बोलल्यासारखं वाटलं.

म्हणून मी पिणंच कमी केलंय. सकाळी अर्धा पेला, बस्स. काटा उतरला, फळं आधीपेक्षाही गोड झाली, साहेब खूश आहेत. बांगड्या हातातून आपोआप गळतात आणि डोकं ठणकतं, पण आताशा तहान लागत नाही. हंगाम संपेपर्यंतचाच प्रश्न आहे. पाणी पी असं लिहू नकोस. लिहिलंस की प्यावंसं वाटतं, आणि मग खिडकीतून तो वाफा माझ्याकडे बघत राहतो. ताई, मला त्याची भीती वाटते.

रागावू नकोस, एवढंच मागणं.
तुझी,
धाकटी


२ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप घरी पोचले. तुझ्याजवळ होते तोवर तोंडाने सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहिते.

तुझं पत्र वाचून शिवण टाकून तशीच निघाले होते. मी दार ढकललं तेव्हा तू खाटेवर निपचित पडली होतीस. ओठ फुटलेले. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहत होती. चमच्याने पाणी घातलं, ते सगळं ओघळून उशीत गेलं. तुझे साहेब डॉक्टरांना आणायला धावले आणि मी एकटी उरले. काय वाटलं कोण जाणे, जाऊन तिसऱ्या वाफ्याची तोटी पुरती सोडून आले. परत आले तर तुझे ओठ ओले होते. चमचा ताटलीत तसाच होता, आणि तू घोट गिळत होतीस, एकामागून एक, रिकाम्या तोंडाने. डॉक्टर म्हणाले, वेळेवर पाणी पाजलंत. मी हो म्हटलं.

ती तोटी बंद करू नकोस. नोकरी गेली खड्ड्यात. मला तू हवी आहेस.

जिवाला जप, दुसरं काही मागत नाही.
तुझी,
ताई


१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं, तोटी उघडीच आहे. माझे गाल वर आलेत. तिसऱ्याची फळं मोठाली आणि पाणचट निघाली, तेव्हा कायम होण्याचं राहिलं. साहेब रागावले नाहीत. मला वाईट वाटलं, पण फार नाही.

आता हंगाम संपला. संपला की सगळी रोपं उपटून माती उघडी टाकतात, इथली रीतच आहे. पहिले दोन वाफे रिकामे झाले. काल सकाळी गड्याने तिसऱ्यातलं कडेचं एक रोप ओढून काढलं. मी खोलीत वेणी घालत होते. तेव्हापासून डाव्या करंगळीत काही कळत नाही. सुई टोचून पाहिली, रक्तही आलं नाही.

साहेबांच्या हातापाया पडून पुढच्या रविवारपर्यंत मुदत घेतलीय. भावोजींना गाडी घेऊन यायला सांग. ओलं गोणपाट आण आणि कुंड्या आण, मिळतील तेवढ्या. कोणतं रोप म्हणजे माझं काय, ते मला ठाऊक नाही, तेव्हा एकही मागे ठेवता येणार नाही.

लोभ आहेच. रोज पाणी घालशील ना?
तुझी,
धाकटी