सांधा

१ मार्च
पोचले. डोंगरावर अजून बर्फ आहे, तरी संग्रहालयाच्या दारातच दोन्काने मनगटाला लाल-पांढरा धागा बांधला. झाडाला पहिला मोहोर दिसेपर्यंत सोडायचा नाही, नाहीतर वर्षभर बोंब, म्हणाली. ती इथे फुलपाखरं टाचणीला लावते आणि अखंड बोलते. माझी सोय संग्रहालयाचे प्रमुख डॉक्टर व्लाहोव यांच्या घरी, वरच्या खोलीत. उंबऱ्यातच त्यांनी सपाता पुढे केल्या. झ्लातिनाच्या, म्हणाले. बायको तीन हिवाळ्यांपूर्वी गेली. तिचा डावा पाय अधू होता. डावी सपात एका कडेला झिजली आहे. मला दोन्ही मोठ्या होतात. हसतच जिना चढले.

३ मार्च
काम आवडलं. इथल्या कुरणांवर दोन जातींची पांढरी फुलपाखरं उडतात. पंख पाहून त्यांच्यात फरक करता येत नाही. त्यांना स्वतःला तरी येतो की नाही कोण जाणे, दोन्का म्हणते, नवरा घरी नेला की कळत असेल. म्हणून प्रत्येकाचा एक पाय काढून जनुकांच्या तपासणीला राजधानीत, सोफियाला पाठवायचा, आणि पोटाचं टोक इथे भिंगाखाली पाहायचं. दोन्ही उत्तरं जुळली की जात ठरली.

९ मार्च
सकाळी पाहुण्यांसमोर डॉक्टर म्हणाले, हिचा हात पाहा, असा हात मी तीस वर्षांत पाहिला नाही. दुपारी चिमटा निसटला. एकाचं वाळलेलं पोट तुटून खणात पडलं. तळाशी जुनी गळालेली पोटं होतीच. त्यातलं ह्याचं कुठलं, कळेना. अशा वेळी चिकटवायचं नसतं. पोट नाही, अशी चिठ्ठी टाचणीला खोवायची. मी मापाला बसेल असं एक उचललं आणि डिंकाने चिकटवलं. सांधा दिसत नाही.

१८ मार्च
निकाल आला. त्या फुलपाखराचा पाय एका जातीचा, पोट दुसऱ्या जातीचं. डॉक्टर कितीदा तरी भिंगात पाहत राहिले. मग रडले. ही तिसरीच जात आहे, तिला झ्लातिनाचं नाव द्यायचं, सोफियाच्या शास्त्रज्ञांच्या सभेत, म्हणाले. अहो डॉक्टर, म्हातारपणी बारसं, म्हणत दोन्काने पेल्यांत राकियाची दारू ओतली. मी सांगायला तोंड उघडलं. मी अभिनंदन म्हणाले.

२० मार्च
सपाता आता नेमक्या बसतात. थंडीने पाय सुजले असतील.

२२ मार्च
आंघोळ करताना कमरेभोवती पांढुरकी रेघ दिसली, केसाएवढी. तिच्या खाली पाणी गरम की गार, कळत नाही. बोट फिरवलं. डिंकाचा वास. दोन्काकडून उरलेला लाल-पांढरा धागा आणला. कुणाला बांधणार गं, नाव तरी सांग, म्हणाली. रेघेवर घट्ट बांधला.

२४ मार्च
डावा पाय ओढतो. मला कामावर जायचं होतं. पायांनी परसात नेलं, झ्लातिनाच्या कोंबड्यांच्या रिकाम्या खुराड्यापाशी. तिथे उभी राहिले. न्याहारीला डॉक्टर वर न पाहता म्हणाले, आज जिना ओळखीचा वाजला. सांगायला हवं. उद्या.

२७ मार्च
ते सोफियाला गेले. फुलपाखराची पेटी मांडीवर. निरोप द्यायला बाहेर गेले नाही. पाय निघाले होते — मी पलंगाला धरून राहिले.

२९ मार्च
दोन्काने सांगितलं. सभेत कुणीतरी फुलपाखरू मऊ करायला कोमट पाण्यात ठेवलं. पोट सुटून वर आलं. लोक हसले. बायकोही अशीच जोडून ठेवलीय का, कुणी विचारलं. डॉक्टर म्हणाले, माझ्याच हातून झालं असेल, म्हातारा हात. माझं नाव घेतलं नाही. त्यांना ठाऊक होतं का — ठाऊक असणारच —

३० मार्च
डॉक्टर परतले. खाली बसून आहेत, कोट न काढता. पायांना खाली जायचंय. असं कसं जाऊ. आधी हे सुटायला हवं —

दुपार. खिडकीबाहेर जर्दाळूला मोहोर. कमरेचा धागा सोडायला हरकत नाही. टब भरला, कोमट. वही काठावर.

धागा सोडला. दुखत नाही. पाण्यावर पांढरी साय —

जिना वाजतोय, खाली उतरताना. डावा पाय ओढत. मी इथेच आहे, पाण्यात, कमरेपर्यंतच. जिना —

खाली खुर्ची सरकली. झ्लातिना, म्हणाले. किती आनंदाने म्हणाले. ओरडून सांगते. डॉक्टर, ते मी —