तिसऱ्या सकाळचा निळा रंग

१२ नोव्हेंबर

तीर्थस्वरूप दादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार.

मी इथे खुशाल आहे. तुझी आणि वहिनीची खुशाली कळवावी असं लिहायचा रिवाज आहे, पण तुझं पोस्टकार्ड दर महिन्याला येतं आणि त्यात 'तब्येत ठीक, दुकान ठीक' याच्या पुढे काही नसतं. चार शब्दांच्या वर गेलास तर पोस्टवाले दंड करतात का रे?

बातमी अशी, की तुझी बहीणही आता तुझ्याच पंगतीला येऊन बसली आहे. मला साखर निघून चार वर्षं झाली. तुला कळवलं नाही. का, ते पुढे सांगते.

तर सकाळी उठल्यावर बोट टोचायचं. टोकाला नाही, कडेला, म्हणजे कमी दुखतं. तुला हे सांगायला नकोच. मग गोळी, मग मोजून नाश्ता. जेवल्यावर औषधाच्या दुकानापर्यंत जाऊन परत यायचं, बरोबर वीस मिनिटं होतात. संध्याकाळी पाय धुऊन तळव्याखाली आरसा धरायचा आणि कुठे चिरलंय का बघायचं. सदुसष्टाव्या वर्षी मी आरशात तोंड बघायचं सोडून पाय बघते.

आलेला आकडा वहीत लिहायचा असतो. गेल्या मंगळवारी डॉक्टरीणबाईंनी वही उघडली, दोन पानं उलटली आणि शांतपणे विचारलं, "आजी, हे सगळं एकाच बैठकीत लिहिलंत ना?" खरंच तसं लिहिलं होतं. तपासायला जायच्या आदल्या दिवशी, एकाच पेनाने, मनाला येतील ते चांगले आकडे. चाळीस वर्षं मुलांच्या वह्यांतली उतरवलेली गणितं पकडली मी, आणि शेवटी मीच सापडले. आता तीन महिन्यांची सरासरी काढणारी रक्ताची तपासणी असते, ती कुणाची भीड ठेवत नाही. गोळ्या पुरत नाहीत, इंजेक्शन सुरू करा, म्हणाल्या. विचार करून सांगते म्हटलं. तर म्हणाल्या, पंधरा दिवसांत काय तो विचार संपवा, डोळ्यांच्या पडद्यावर ठिपके दिसायला लागलेत.

सुईची भीती नाही मला. सुया बघतच मोठी झाले.

आठवतं का आपलं स्वयंपाकघर? आई एका शेगडीवर चहा ठेवायची आणि दुसरीवर तुझी काचेची सिरिंज उकळायची. बाबा दुकानातल्या दगडावर सुई घासून आणायचे आणि डोळ्याला घड्याळाचं भिंग लावून तिचं टोक तपासायचे. आणि नळीचं काम माझं. चमचाभर निळं औषध, त्यात तुझ्या लघवीचे आठ थेंब, आणि नळी स्पिरिटच्या दिव्यावर धरायची. निळी राहिली तर साखर नाही. मग हिरवी, पिवळी, नारिंगी. विटकरी झाली की चहासुद्धा कुणी आवाज करून पीत नसे. मी रंग ओरडून सांगायची, बाबा तो लिहून घ्यायचे आणि त्यावरून डोस ठरवायचे. मला वाटायचं, हे घर मीच चालवते. हिरवी आली की तू मला खांद्यावर घेऊन अंगणात फिरवायचास आणि आई ओरडायची, पाडशील रे तिला. त्या सकाळींसारख्या सकाळी पुन्हा कधी मिळाल्या नाहीत मला.

आता मुद्द्यावर येते. पाणी पिऊन आले मध्ये.

तू सतरा वर्षांचा होतास. नकाशे काढायला शिकवणाऱ्या शाळेची परीक्षा होती, परगावी, दोन दिवस. बाबांची अट, सलग तीन सकाळी नळी निळी नाहीतर हिरवी आली तरच जायचं. दोन सकाळी हिरवी आली. तिसऱ्या सकाळी तुला सर्दी झाली होती, आणि नळी विटकरी झाली. बाहेर तू बूट पुसत शीळ घालत होतास. ती शीळ मला बंद करवेना. मी नळी ओतून टाकली, धुतली आणि माझी स्वतःची लघवी घालून तापवली. लख्ख निळी. मी ओरडले, "निळी!"

प्रवासात साखर उतरायला नको, म्हणून बाबांनी दोन दिवसांचा डोस कमी केला. दुसऱ्या दिवशी साखर चढून तू परीक्षेच्या बाकावरच कोसळलास. अकरा दिवस दवाखान्यात होतास. बाबा धरून चालले की तू परगावी गोड हाणलंस. "ज्याचा जिभेवर ताबा नाही त्याने घराबाहेर राहायचं नाही," म्हणाले. तू एक शब्द बोलला नाहीस. दुकानात बाबांच्या शेजारचं स्टूल तुझं झालं ते कायमचं. सहा वर्षांनी परगावी शिकायला मी गेले, आणि माझी ट्रंक गाडीवर चढवून दिलीस तू.

मी तेव्हा अकरा वर्षांची होते हे खरं. पण मग वीस वर्षांची झाले, चाळीस वर्षांची झाले, आणि तरी गप्प राहिले. म्हणून माझ्या साखरेचं तुला कळवलं नाही. कुठल्या तोंडाने कळवणार होते?

माझं चुकलं, दादा. तुझं आयुष्य माझ्यामुळे त्या स्टुलावर गेलं. तरीही विचारते, येशील का? इंजेक्शन घ्यायला मला तुझ्याकडूनच शिकायचंय. यायचं नसेल तर तसं लिही, मला राग येणार नाही.

सगळं उशिरा सांगणारी तुझी,
ठमी


१९ नोव्हेंबर

चि. ठमीस अनेक आशीर्वाद.

हे कार्डावर मावणार नाही म्हणून पाकीट आणलं. तुझी वहिनी म्हणते, लग्न झाल्यापासून तुम्हाला एवढं लिहिताना पाहिलं नाही.

ती नळी मी पाहिली होती. तू ती बाबांपुढे धरलीस तेव्हा मी दारातच होतो. आजारी पडल्यापासून पाच वर्षांत माझी नळी कधी एवढी निळी आली नव्हती. त्यात त्या दिवशी पहाटेपासून घसा कोरडा, दोन तांबे पाणी संपवलेलं. आपली साखर आपल्याला कळते गं. तरी मी बोललो नाही, कारण मला जायचं होतं. बाबांनी डोस कमी केला तेव्हाही बोललो नाही. तू अकरा वर्षांची होतीस, मी सतरा. त्या खोलीत अक्कल कुणाला असायला हवी होती?

म्हणून बाबांचं ऐकून घेतलं. तुझ्यावर उपकार म्हणून नाही. तुझं सांगितलं असतं तर माझंही सांगावं लागलं असतं. आणि दुकानाचं म्हणशील, तर पहिली दोन वर्षं जड गेली. नंतर घड्याळं आवडायला लागली.

मला लागलं ते वेगळंच. तू सुट्टीला यायचीस आणि माझ्याकडे बघायची नाहीस. मला वाटायचं, बाई शिकली, आता घड्याळं दुरुस्त करणाऱ्या भावाची लाज वाटते तिला. म्हणून मीही लिहिणं कमी कमी करत गेलो. पन्नास वर्षं तसंच समजत होतो. तुझं पत्र वाचून झाल्यावर मी बराच वेळ दुकान उघडलं नाही.

सोमवारी सकाळच्या गाडीने आम्ही दोघं येतोय. शिकवतो, पण टोचायचं तू. मी नुसता शेजारी बसणार. तोवर रोज वहीत जो येईल तो आकडा लिही, कितीही वाईट असो. मी बाबा नाही.

सगळं माहीत असून गप्प बसलेला तुझा,
दादा