शेताकडे जाणारा पट्टा

शेवटची खुंटी ठोकत होतो, तेव्हा ऊर्मिला मागच्या दारात येऊन उभी राहिली. "हे काय चाललंय?" मोजतोय, म्हणालो. हात धुतले आणि हे लिहायला बसलो.

मी, दत्तात्रय केशव सरपोतदार, वय छप्पन्न, राहणार जर्मनीत वाल्डॉर्फजवळ, हे सगळं स्वतःच्या हाताने लिहीत आहे. टाइप केलेलं इथल्या कायद्याला चालत नाही. सोमवारी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. माझी बुद्धी आज ठिकाणावर आहे. गेल्या वर्षी ती कुठे होती, ते चौथ्या कलमात.

एक. घर ऊर्मिलाचं आणि माझं मिळून आहे. माझा अर्धा हिस्सा तिचा. बँकेतली शिल्लकही तिची. आमची मुलगी तनया हिला मराठी वाचता येत नाही; तिने हे आईकडून वाचून घ्यावं, आणि आई वाचत असताना "या, गेनाऊ", म्हणजे "हो, बरोबर", म्हणून घाई करू नये.

दोन. पुण्याचे माझे थोरले बंधू राजाभाऊ यांना काही नाही. आईच्या आजारपणात ते फोनवर म्हणाले होते, "तू पैसे पाठव. करायला आम्ही आहोतच." ते खरं होतं. म्हणूनच मी त्यांना क्षमा करू शकलेलो नाही.

तीन. ड्रिल मशीन आणि शिडी शेजारच्या हेर कोल्ब यांना. शिडी मुळात त्यांचीच आहे.

चार. मागच्या कुंपणालगतचा जमिनीचा पट्टा एकट्या माझ्या नावावर आहे. तो घरानंतर घेतला. त्यापलीकडे गावाच्या मालकीचं शेत आहे. तिथे कमी भाड्याची घरं बांधायचा आराखडा नगरपालिकेने गेल्या वसंतात लोकांपुढे ठेवला. राटहाउसमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या कचेरीत, नकाशे लावले, हरकती मागवल्या. शेतात रस्ता न्यायचा तर माझ्या पट्ट्यातूनच न्यावा लागतो. मला तशी रीतसर विचारणा झाली.

त्याच आठवड्यात हेर कोल्ब यांनी मला घरी बोलावलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. टेबलाभोवती सगळी गल्ली बसली होती. प्लमचा केक होता. "आल्झो, हेर सरपोतदार, आपल्याला तुमच्यासारखा माणूस हवा," ते म्हणाले. 'आपल्याला' हा शब्द मी घरी येईपर्यंत मनात घोळवत होतो. शेतात चंडोल घरटी करतात, असा एक मुद्दा निघाला. चंडोल मी आजवर पाहिलेला नाही. त्यावर मी लांबलचक हरकत लिहिली. सगळ्यांनी तिच्याखाली सह्या केल्या.

जाहीर सभेत मी बोललो. एकदाही अडखळलो नाही. शेवटच्या रांगेत ईप्सिता बसली होती, मांडीवर मूल घेऊन. ती माझ्याच विभागात काम करते. नवरा, ती आणि मूल माळ्यावरच्या एका खोलीत राहतात. त्या घरांसाठी त्यांनी नाव देऊन ठेवलं होतं, आणि मला ते ठाऊक होतं. बोलताना ती मला दिसली. मी थांबलो नाही. टाळ्या झाल्या. त्या मला फार दिवसांपासून हव्या होत्या.

बाहेर ती म्हणाली, "दादा, तुमचं जर्मन किती छान झालंय." त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

पट्टा द्यायला मी नकार दिला. आराखडा बासनात गेला. या शरदात तो पुन्हा लोकांपुढे येणार आहे, आणि अडचण तीच आहे. म्हणून माझ्या मृत्यूनंतर हा पट्टा रस्त्यासाठी नगरपालिकेला विनामूल्य द्यावा. खुंट्या मारून ठेवल्या आहेत.

पाच. इथल्या कायद्याला साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात. म्हणून वरचं सगळं ऊर्मिलाला वाचून दाखवलं. ती मटार सोलत होती. चौथ्या कलमाला तिचे हात थांबले.

"म्हणजे तुम्ही गेल्यावर."

"हो."

"आणि मग बेकरीत फ्राउ कोल्बला तोंड कोण देणार? मी?"

मी टरफलं एका बाजूला सारली.

"केक तुम्ही खाल्लात. दानही तुमच्याच नावावर. शेजाऱ्यांच्या शिव्या तेवढ्या माझ्या वाट्याला लिहून ठेवा."

"तसं नाही गं."

"मग कसं? सोमवारी तुम्हाला काही होत नाही. आणखी पंचवीस वर्षं जगाल. तोवर त्या पोरीने माळ्यावर राहायचं, तुमच्या मरणाची वाट बघत?"

ती पुन्हा मटार सोलू लागली. म्हणाली, "ते कलम काढा, मग सही करते."

मी ते काढलेलं नाही.

हे माझं शेवटचं म्हणणं समजावं. कोणाच्या दबावाखाली लिहिलेलं नाही.

दत्तात्रय केशव सरपोतदार (सही)

साक्षीदार: विनय पेंडसे, मित्र, जेवायला आले होते. न वाचता सही केली.

साक्षीदार: ऊर्मिला सरपोतदार. सही नाही.

वाल्डॉर्फजवळ, गुरुवार, १२ जून २०२५

शुक्रवार सकाळची नोंद: हेर कोल्ब यांना त्यांच्या दारात जाऊन सांगितलं. "या," म्हणजे हो, एवढंच ते म्हणाले आणि दार लावून घेतलं. तिथून राटहाउसला गेलो. पट्टा देत असल्याचं लेखी दिलं. घरी येऊन कलम चार खोडलं. ऊर्मिलाने सही केली. ईप्सिताला फोन लावला. तिने उचलला. सोमवारी रजेवर आहे, एवढंच सांगितलं.