आधी हाडं, मग धोतर

बाबा, आपल्या मंडळाच्या सभागृहात चहा आता कागदी कपात देतात आणि दुसऱ्याच घोटाला त्याचं बूड गळतं. मराठी समाजाच्या ऱ्हासाची याहून भक्कम खूण मला ठाऊक नाही. मी निषेध नोंदवला, तर वाढणाऱ्यानं आणखी एक कप दिला, पहिल्याखाली धरायला. मीटिंग तुम्ही रंगवलेल्या भिंतीची होती. ती पाडून लग्नांसाठी एसी हॉल करायचाय.

दिवसभर तुम्ही प्लांटमध्ये धोक्याच्या पाट्या रंगवायचात आणि संध्याकाळी स्वयंपाकघरात, सुपेल्याच्या बाजारातल्या रद्दीतून आणलेल्या पुस्तकातला तो फ्रेंच चित्रकार आम्हाला ताटात वाढायचात. रोमला नेणारं बक्षीस पुन्हा पुन्हा हुकतं म्हणून हा गडी अन्न सोडून बसतो. मग एकदाचं मिळतं. तलवारींवर शपथ घेणारे तीन भाऊ रंगवतो, राजा खूश. क्रांती येते, तसा त्याच राजाच्या मुंडक्यासाठी मत देतो. पुढे सम्राटाचा राज्याभिषेक रंगवतो, सम्राट पडल्यावर परदेशात मरतो आणि देश त्याचं प्रेतसुद्धा घेत नाही. आई पोळी उलटत विचारते, "अन् येवढं करून शिकला काय तो?" तुम्ही म्हणता, "हाडं. आधी उघडं अंग काढायचं, हाडं बसवायची, मंग कपडे."

मंडळानं संस्थापकांच्या शपथेचं चित्र सांगितलं, तेव्हा तुम्ही भिंतीवर तेच केलं. त्या फ्रेंच गड्यानंही एका शपथेचं भलंमोठं चित्र असंच काढायला घेतलं होतं, काही चेहरे पुरे, अंगं उघडी. तेवढ्यात त्यातले काही गिलोटिनखाली गेले आणि चित्र तसंच राहिलं. आपल्याकडे कोणी मेलं नाही, हळदीकुंकू होतं. बायकांनी अर्ध्या चित्रावरचा पडदा सारला. चित्रातल्या संस्थापकांपैकी एक, सेक्रेटरीकाका, धावत आले.

"अहो भाऊ, मले नागडं कावून केलं?"

"थांबा ना, हाडं बसून राहिली. उद्या धोतर नेसवतो तुमाले."

"उद्या? माही बायको आज पाहून राहिली!"

सकाळी भिंतीला चुना. त्यानंतर मरेपर्यंत तुम्ही फक्त पाट्या रंगवल्यात.

मीटिंगमध्ये मी म्हणालो, चुन्याखाली चित्र आहे, खरवडून तरी पाहू. सगळे हसले. लोकांची वस्त्रं फेडणारे लेख लिहून जो पोट भरतो, त्याचं म्हणणं खरं कोण धरणार? ठराव मंजूर. काल पाडताना चुन्याचा पापुद्रा निघाला आणि एक गुडघा दिसला, वाटी जागच्या जागी. मी "थांबा" म्हणालो. घण थांबला नाही.

तिथून उतई गावाला गेलो. सेक्रेटरीकाका अंथरुणाला खिळलेत. त्या शपथेतले तेवढेच उरलेत.

"पाडली का भिंत?"

"हो काका."

मग म्हणाले, "तुहा बाप मले धोतर नेसवनार होता."

मी कॅलेंडरच्या पाठीवर त्यांना काढलं. काठाचं धोतर, कोट, उपरणं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "आता बरा दिसून राहिलो."

त्यांना बोललो नाही. तुम्हाला हे पोचणार नाही, म्हणून लिहितो. मला हाडं कधी आलीच नाहीत, बाबा. त्या धोतरात कोणी नाही.