माझा कोट पॅरिस पाहून आला

रत्नागिरी, रविवार, फेब्रुवारी १९३४

माझा भाचा वसंता, त्याची बायको कुसुम आणि मुलगी आज पॅरिसहून घरी परतली. दारात भाकरतुकडा मीच ओवाळला. ओवाळताना दिसलं, कुसुमच्या हातावर माझा लोकरीचा कोट. मी याच प्रवासासाठी शिवून घेतलेला. ऐन वेळी वसंता म्हणाला होता, "आत्या, तिथली थंडी तुला सोसायची नाही." मी राहिले, कोट गेला.

संध्याकाळी फोटो दाखवले. नदीकाठी, चर्चपुढे, चौकात, सगळीकडे कुसुमच्या अंगात माझा कोट.

"थंडी कसली आत्याबाई, कोटात घाम यायचा!"

घाम? मग मला का नाही नेलं? विचारलंच मी.

वसंता हसला. "तुला फ्रेंच येतं ना! प्रत्येक पुतळ्याखालचं वाचत उभी राहिली असतीस. आमचं बघणं राहिलं असतं."

राहिलेच असते उभी! कॉन्व्हेंटात नन्सच्या छड्या खाऊन शिकले, ती कशासाठी? चौकातला पुतळा कोणाचा, विचारलं तर दोघं एकमेकांकडे बघत बसली.

कोट आता खुंटीवर आहे. सगळं पाहून आला मेला, आणि एक अक्षर वाचता येत नाही त्याला.