माझ्यापासून लांब

४ तारीख, सोमवार
एकदाचं सामान लागलं! तिसरा मजला, तीन खोल्या, आणि स्वयंपाकघरात दुपारपर्यंत ऊन. नवऱ्याची बदली झाली तेव्हा एवढ्याशा बाळाला घेऊन नव्या गावात कसं होणार, म्हणून माझा जीव टांगणीला लागला होता. घर बघितलं आणि निम्मी काळजी पळाली. पिटुकली आज पाच आठवड्यांची झाली. हा पाणीपुरवठ्याच्या कचेरीतून जेवायला आला आणि खोकी मोजून म्हणाला, चार किलोच्या बाईसाहेबांचं सामान आपल्या दोघांपेक्षा जास्त भरतंय. समोर शिवणकाम करणाऱ्या बाई राहतात. नाक अगदी वडिलांचं, म्हणाल्या. म्हटलं, माझंही काहीतरी ठेवा हो!

मुद्रितं तपासायच्या कामावरची रजा संपेपर्यंत रोज चार ओळी लिहायच्या, असं ठरवलंय.

७ तारीख, गुरुवार
बाटल्या दहा मिनिटं उकळायच्या. आज घड्याळ नीट बघितलं का, अशी शंकेची पाल चुकचुकली, म्हणून पुन्हा उकळल्या. मग वाटलं, काढताना हात धुतले नव्हते. चौथ्यांदा पाणी ठेवलं तोवर ती रडून लाल झाली होती. हा म्हणाला, तुझ्या घरात जंतूसुद्धा ऱ्हस्व-दीर्घ तपासूनच शिरेल. मीही हसले. पण चुका शोधण्यावरच तर माझं पोट आहे, आणि इथे एक जरी सुटली तर?

ती झोपली की तिचे श्वास मोजते. सोळा झाले की मगच खोलीबाहेर पडायचं. मध्ये आवाज झाला तर पुन्हा पहिल्यापासून.

१० तारीख, रविवार
भाजी चिरत होते. पिटुकली शेजारी पाळण्यात. एकदम डोळ्यांसमोर आलं: माझा हात, सुरी आणि ती. क्षणभरच. सुरी मोरीत फेकली आणि बाहेरच्या खोलीत जाऊन बसले. जिच्यावरून जीव ओवाळून टाकीन, तिच्याबद्दल असलं मनात येतंच कसं?
हा बाजारात गेला होता. फोन करून म्हटलं, येताना पाव आण, आज भाजी नाही.

१२ तारीख, मंगळवार
बाळ-बाळंतिणीला बघायला दवाखान्यातल्या नर्सबाई आल्या होत्या. दर मंगळवारी अकराला येणार. बाळाचं वजन छान वाढलंय म्हणाल्या. धुऊन धुऊन माझ्या हातांना पडलेल्या भेगांकडे मात्र बराच वेळ बघत होत्या. मग कागद काढून प्रश्न विचारले. झोप लागते का, भूक लागते का. बाळाला इजा होईल असं काही मनात येतं का?
नाही म्हणाले. हो म्हटलं असतं तर तिला घेऊन गेले असते.
दारात थांबून त्या म्हणाल्या, नको ते विचार पुष्कळ आयांच्या मनात येतात, आणि ज्या घाबरतात त्या तसं करत नसतात. घाबरून गप्प बसू नका, यावर उपचार आहेत.
त्यांना काही दिसलं का माझ्या तोंडावर?

१५ तारीख, शुक्रवार
सुऱ्या, कात्री, किसणी, सगळं वर्तमानपत्रात गुंडाळून शिवणबाईंकडे ठेवलं. कपाटं धुवायचीत म्हणाले. त्यांनी विचारलं, सुयासुद्धा?
मग उशा. मग पडद्यांच्या दोऱ्या. टबातली अंघोळ बंद, फडक्याने पुसते. सोळाचे बत्तीस झालेत.

१७ तारीख, रविवार
घरात आता काही नाही. फक्त माझे हात. ते कुणाकडे ठेवायला देऊ?
हा म्हणाला, तू तिला घेतच नाहीस. कंबर दुखते म्हटलं. आईला बोलावू का म्हणाला. नको म्हटलं. आईला एका नजरेत कळेल.

१९ तारीख, मंगळवार, सकाळ
हा कामावर गेला. पाजताना ती माझ्याकडे बघून हसली. पहिल्यांदाच. आणि तेव्हाच ते पुन्हा दिसलं. तिच्या हसण्यावरच —

१०.१०
जिन्यात बसलेय, ही वही तेवढी हातात. तिला पाळण्यात ठेवलं, बाहेर आले आणि दार ओढून घेतलं. किल्ली आत. मुद्दाम. आता माझा हात पोचत नाही. किती हलकं वाटतंय.

१०.२५
रडतेय. रडू दे. रडतेय म्हणजे आहे.

१०.४०
ढेकर काढली होती का? खांद्यावर घेतलं होतं — की ते कालचं? दूध वर आलं तर — उताणी ठेवलीय —
फोन आत. शिवणबाईंच्या दाराला कुलूप. दार धक्क्याने हलत नाही. खाली जाऊन कुणाला आणावं, तर कान दारावरून निघत नाही. मी काय केलं हे —

१०.५२
रडणं थांबलं.
इथून श्वास मोजता येत नाहीत. एक — नाही, तो माझाच —

खाली पावलं. नर्सबाईच असतील. सांगायचं. सगळं. त्या दिवशी 'नाही' म्हणाले ते खोटं होतं. नेलंत तरी न्या तिला, पण आधी हे दार — बाई, लवकर या, आत माझी —