पाकिटावरचा उमेदवार

बारामती,
८ जानेवारी

चि. ज्ञानेश यास सोनलआक्काचे अ. उ. आ.

पत्र पाहून हसशील. पण फोन केला की तू तो स्पीकरवर टाकतोस आणि तुझे चार कार्यकर्ते माझं बोलणं ऐकत बसतात. म्हणून एमआयडीसीत कामाला येणाऱ्या आपल्या वाडीच्या इंद्रजितजवळ हे देते आहे. एकट्यानं वाच.

परवा संकष्टीला दुपारी ठमाचुलतीला बेशुद्ध अवस्थेत आमच्या दवाखान्यात आणलं. साखर अडतीसवर आलेली. मी औषधांच्या खिडकीत होते. चुलती कुठल्या गोळ्या घेते ते दाखवायला तिच्या सुनेनं, सारजावहिनीनं, दोन पाकिटं आत सरकवली. दोन्हींवर हात जोडलेला तुझा फोटो आणि खाली ‘आपला हक्काचा माणूस’. बाकी काही नाही.

आपण दोघांनी वाडीत औषधांचं दुकान काढलं तेव्हा वाचता न येणाऱ्यांसाठी पाकिटांवर उगवता सूर्य, डोक्यावरचा सूर्य आणि चंद्र छापून घेतले होते. ज्या वेळची गोळी, त्या चित्राभोवती पेनानं गोल करायचा. चुलती त्यावरच दहा वर्षं गोळ्या घेते आहे. तुला सरपंच व्हायचंय म्हणून ती चित्रं काढून तिथं तुझं थोबाड छापलंस? तिनं साखरेची गोळी सकाळी घेतली, दुपारी रक्तदाबाची समजून पुन्हा तीच घेतली, आणि पोटात उपासाचे चार शेंगदाणे. तू गावभर हात जोडत फिरतोस आणि काउंटरवर सृष्टी. तुझ्या बायकोला मी बोल लावत नाही, ती फार्मसी शिकलेली नाही. तू शिकला आहेस. आबांनी मेंढरं विकून आपल्याला शिकवलं ते यासाठी नव्हे.

चुलती आता बरी आहे, उद्या घरी सोडतील. पण भेटायला येईल त्याला ती सांगते की मी आडाणी बाई, माझंच चुकलं. ते ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. तू ये, चारचौघांत तिला सांग की चूक तुझी आहे, आणि वाटलेली पाकिटं परत घे.

माया आहेच, आज राग जास्त आहे. दोन्ही तुझेच.

सोनल

सोनबाची वाडी, ता. इंदापूर,
१० जानेवारी

ती. सोनलआक्कास ज्ञानेशचा सा. न. वि. वि.

पत्र दोनदा वाचलं. छापखान्यात फोटोला जागा पुरेना, तेव्हा चित्रं काढा असं मीच म्हणालो. चूक माझीच.

पण आक्का, मी हौसेनं उभा राहिलेलो नाही. दर उन्हाळ्यात या गावाला जुलाबाची औषधं मी विकतो. गेल्या वर्षी पाण्याच्या टाकीत मेलेलं कबूतर निघालं. सरपंच दादासोंकडे तक्रार घेऊन गेलो, तर ते हसून म्हणाले की तुमचा तर धंदा वाढतोय की. त्या दिवशी मला माझ्याच दुकानाची लाज वाटली. ती टाकी धुतली जावी एवढ्यासाठी अर्ज भरला.

मतदानाला पाच दिवस उरलेत. आत्ता कबूल केलं तर दादासो ते पाकीट सभेत फडकवतील. चुलती आपणहून म्हणते आहे की तिचं चुकलं, तर पाच दिवस तसंच राहू दे. निकालानंतर तिचे पाय धरीन. तोवर कुठं बोलू नकोस, आणि ती दोन पाकिटं तेवढी इंद्रजितजवळ परत पाठव.

दाजींना नमस्कार. तुझ्या रागातही माझी जागा राहू दे.

तुझा,
ज्ञानेश

बारामती,
११ जानेवारी

चि. ज्ञानेश यास अ. उ. आ.

पाकिटं मिळणार नाहीत. दादासोंनी कबूतर हसण्यावारी नेलं, तू पाकीट दडवतो आहेस. तुमच्यात फरक काय, ते मला सांग. वर माझ्या हातून पुरावा मागवतोस, शरम वाटायला हवी होती.

तुझी निवडणूक पाच दिवसांची, गोळी तर पुढच्याच वेळेला चुकू शकते. वाचता न येणाऱ्या द्वारकाबाईंच्या घरात तेच पाकीट असेल, गोजरबाईंच्याही. आज बाहेर पडून ती पाकिटं सरळ कर, नाहीतर सुट्टी टाकून मी येते आणि प्रत्येक दारात मोठ्यानं बोलते.

आशीर्वाद द्यायचा म्हणून देते आहे.

सोनल

सोनबाची वाडी,
१९ जानेवारी

ती. सोनलआक्कास ज्ञानेशचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी आणि सृष्टी घरोघर जाऊन प्रत्येक पाकिटावर पेनानं सूर्य-चंद्र काढून आलो. लोकांना वाटलं हाही प्रचारच. मी तसं वाटू दिलं, हेही तुला सांगून टाकतो.

एकतीस मतांनी निवडून आलो. टाकी परवा उपसली. तळाशी काय निघालं ते लिहीत नाही, नुसतं आठवलं तरी संताप होतो.

काल पेढे घेऊन चुलतीकडे गेलो. साखरेच्या माणसाकडे पेढे, एवढंही मला सुचलं नाही. तिच्या पाया पडलो आणि सारजावहिनीसमोर सांगितलं की चूक माझी होती. त्यावर ती शांतपणे म्हणाली की व्हय, मला ठावं हाय. पाकिटावर चित्र न्हाय हे मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं, पर दुकानात इचारायला तू कुठं होतास. माझंच चुकलं असं लोकांना सांगितलं, कारण तुझं नाव गेलं असतं तर टाकी कोण धुणार होतं.

मी रडायच्या बेतात होतो. तिनं पेढ्याचा पुडा माझ्या हातात परत दिला आणि म्हणाली की मत तुलाच दिलं हाय. गोळ्या मातर आता शेजारच्या कळस गावच्या दुकानातनं आणते.

सकाळपासून दुकानात बसून आहे. लोभ असावा म्हणायला तोंड नाही, तरी म्हणतो.

तुझा,
ज्ञानेश